देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे रोज करायचं काय

नव्यानं लग्न होऊन सुवार्तेच्या (ख्रिस्ताचा निरोप गावोगाव सांगायच्या) कामात पडलेली एखादी पोरगी माझ्याकडे येते, तेव्हा तिचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "मावशी, भरवसा ठेवा, भरवसा ठेवा म्हणून सगळेच सांगतात. पण सकाळी उठून करायचं काय, ते कोणी सांगत नाही." प्रश्न रास्त आहे. व्यासपीठावरून भरवसा सांगणं सोपं. आमचे हे तो सांगतातही छान. पण हे मेळघाटात गेले की मागं गॅस संपतो, लेकराला ताप चढतो आणि सोसायटीच्या पीककर्जाची नोटीस येते, तेव्हा उपदेश कामी येत नाही. म्हणून जे आमच्या घरात चालतं ते लिहून काढते. ज्याला जे जमेल ते घ्या.

आम्ही केळापूर तालुक्यातले, पांढरकवड्यापासून आत. चार एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर. हे मंडळीचे (आमच्या चर्चचे) सुवार्तिक आहेत, पाळक (पास्टर) नाहीत. म्हणजे पगार नाही, प्रवासखर्च मिळतो, आणि तोही मागावा लागतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मन शांत झालं म्हणजे भरवसा आला, असं धरून बसाल तर वाट पाहतच राहाल. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली, त्याच दिवसांत फवारणीच्या विषबाधेनं आमच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि मजूर दगावले. त्या हंगामात माझं मन एक दिवस जाग्यावर नव्हतं. तरी सकाळी प्रार्थना झाली, यांच्या तोंडाला दुपट्टा बांधला, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालायला लावला, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका म्हणून बजावलं आणि मग वावरात जाऊ दिलं. हाताला पोचतं तेवढं करायचं, उरलेलं देवाला नावानिशी सांगायचं, आणि सांगितलेलं दिवसभर पुन्हा उकरत बसायचं नाही. मी यालाच भरवसा म्हणते. यरुशलेमेचा कोट बांधताना नहेम्यानंही हेच केलं. शत्रू चाल करून येणार कळलं तेव्हा लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला (नहेम्या ४:९). एकाच वचनात दोन्ही आहेत.

कॅलेंडर आणि शिसपेन्सिल

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगा. ख्रिस्ती घरात पंचांग कशाला म्हणून एका पाहुण्या बाईनं मला टोकलं होतं. पोळा कधी, शेजारणीची चतुर्थी कधी, कोणत्या सणानं आठवडी बाजार हुकणार, हे मला कळायला नको? शिवाय त्याचे चौकोन लिहायला पुरतात. खिळ्याला दोऱ्यानं शिसपेन्सिल बांधून ठेवा, नाहीतर लेकरं पळवतात.

दूध किती आलं, सिलिंडर कधी लावलं, हे आपण त्या चौकोनात लिहितोच. त्याच्याच खाली त्या दिवसाचं मागणं लिहायचं. "कुटुंबावर कृपा असू दे" असलं लिहू नका, ते झालं की नाही हे कधी कळायचंच नाही. "मधल्याचा खोकला", "तलाठी ऑफिसात फेरफार", "यांना परतवाड्याहून सकाळची गाडी मिळो", असं लिहा. लिहायच्या आधी स्वतःला विचारा, यातलं माझ्या हातात काय आहे? फेरफारासाठी अर्जच दिला नसेल तर तो आधी द्या. अर्ज न देता केलेली प्रार्थना म्हणजे देवाला शिपाई समजणं झालं.

काम झालं की त्याच शब्दांवरून पेन फिरवायचं. महिना संपला की पान उलटायच्या आधी सगळ्यांनी जेवणं झाल्यावर ते पान मोठ्यानं वाचायचं. फिलिप्पैकरांस पत्रात (४:६) मागणं आणि उपकारस्तुती एकाच वाक्यात सांगितली आहे, पण आपल्या ध्यानात मागणं राहतं आणि मिळालेलं विसरतं. मार्चचं पान वाचताना फेब्रुवारीतला ताप आठवून आमचा मधला हसतो, तेवढं मला पुरे होतं.

काही मागणी पेनानं गिरवलीच जात नाहीत. ती ३१ डिसेंबरला रात्रीच्या उपासनेला जायच्या आधी नव्या कॅलेंडरवर हातानं उतरवायची. माझ्या जावेला मूल व्हावं, हे मागणं बरीच कॅलेंडरं चढलं-उतरलं, अजून शिसपेन्सिलीतच आहे. मी त्याला "देवाची वेळ" वगैरे नाव देत नाही. आणि तुझा विश्वास कमी पडला, असं तिला म्हणण्याची कोणाची हिंमत माझ्या घरात चालत नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला चारदा विचारतो, कुठवर? इतकं विचारणाऱ्या माणसाचं गाऱ्हाणं शास्त्रात (बायबलात) ठेवलं आहे, तर आपलंही ठेवून घेतील.

पैसा

इथं माझे विचार काही जणांना रुचत नाहीत, तरी सांगते. देव पुरवील म्हणून उधारीवर कार्यक्रम करू नका. मंडप, लाऊडस्पीकर, पाहुण्यांचं जेवण, हे सगळं किराणा दुकानाच्या खात्यावर मांडायचं आणि मग दुकानदार रस्त्यात अडवतो तेव्हा "प्रभू बघेल" म्हणायचं. गावात याच्यानं जेवढी बदनामी होते तेवढी विरोधकही करू शकत नाहीत.

घरासाठी आमची रीत अशी. तूर निघाली की वर्षाची डाळ आधी घरात, मग बाजारात. ज्वारी-गहू कोठीत भरल्याशिवाय कापसाच्या पैशाला दुसरा हात लागत नाही. पहिल्या वेचणीच्या पैशातून दशांश (देवाचा दहावा हिस्सा) बाजूला, मग सोसायटी, मग कपडालत्ता. पण उसन्या पैशातून दशांश काढू नका, तो तुमचा नाहीच. हिशेबाची वही बायकोच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या अक्षरात असावी. रानात इस्राएल लोकांना मान्ना (देवानं पाडलेलं अन्न) रोजचा रोज मिळत होता आणि साठवला की सडत होता, हे सांगून मला कोणी कोठीवरून टोमणा मारला की मी त्याच अध्यायातलं (निर्गम १६) पुढचं वाचायला लावते. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानंच सांगितलं होतं, आणि ते सडलं नाही. विदर्भातल्या कोरडवाहू माणसाचा अर्धा हंगाम सहाव्या दिवसासारखाच असतो.

एसटीत बसल्यावर एकदा एका म्हाताऱ्यानं यांना विचारलं, "काहून बापा, तुमचा देव तिकिटाचे पैसे देते काय?" हे म्हणाले, "देते ना. पण कंडक्टर उधारी ठेवत नाही, म्हणून आधीच मागून ठेवतो." तसंच करा. प्रवास ठरला की खर्चाचा कागद आठ दिवस आधी खजिनदाराच्या हाती द्या. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना त्याच्या आधी, ऑगस्ट २०२२ पासूनच फुकट. त्यामुळे आमच्या मंडळीतली सगळ्यात म्हातारी आजीच हल्ली सगळ्यात जास्त गावं फिरते, आणि खरं सांगू, बाया तिचंच जास्त ऐकतात.

दुखणंखुपणं

आधी दवाखाना की आधी प्रार्थना, असा वाद घालत बसू नका. प्रार्थना जीपमध्ये बसून करा, जीप थांबवून नाही. पावसाळ्यात वावरात साप चावला तर १०८ ला फोन करा, चावलेला पाय हलू देऊ नका, दोरी आवळून बांधू नका, चिरू नका, आणि प्रतिविष असलेल्या दवाखान्यात पोचवा. मांत्रिकाकडे नेऊ नका हे आपले लोक जोरात सांगतात. पण मग आपणच चार जण हात ठेवून अर्धा तास अंगणात उभे राहिलो तर त्या पोराच्या रक्ताला दोन्हींत फरक कळत नाही. हिज्कीया राजाला देवानं बरं करायचं ठरवलं होतं, तरी यशयानं अंजिरांची ढेप फोडावर बांधायला सांगितली (२ राजे २०:७). बीपी-शुगरच्या गोळ्या उपासाच्या दिवशीही चुकवायच्या नाहीत. ज्यांना गोळ्या आहेत त्यांनी उपास कसा करायचा ते डॉक्टरला विचारूनच ठरवा.

मागं राहिलेलं घर

यावर बैठकीत कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर सांगते.

लेकरांना "बाबा देवाच्या कामाला गेले" एवढंच सांगू नका. हे वाक्य ऐकून ऐकून लेकरू देवावरच रुसतं, कारण बाबाला नेणारा तोच ठरतो. गावाचं नाव सांगा, कोणाच्या घरी उतरणार ते सांगा, कोणत्या वारी परत येणार ते सांगा आणि कॅलेंडरवर त्यांच्याच हातानं त्या वाराला गोल करून घ्या. शाळेचं गॅदरिंग, दहावीचा पेपर, पोरीचं पहिलं दुखणं, या दिवशी माणूस घरीच असला पाहिजे. सभा पुढं ढकलता येते. आपल्या घरच्यांची तरतूद न करणारा विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असं पौलानं तीमथ्याला लिहिलं (१ तीमथ्य ५:८), आणि पौल काही घरकोंबडा नव्हता.

नवरा विश्वासात पुढं आणि बायको मागं, किंवा उलट, असंही पुष्कळ घरांत असतं. तिथं ओढाताण करू नका. कवी नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका अनोळखी साहेबानं नवा करार दिला, ही गोष्ट आपल्याकडे फार आवडीनं सांगतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्यांची बायको लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि मग स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या समजुतीनं आल्या. रेल्वेची गोष्ट सांगाल तर ही वर्षंही सांगा. त्या वर्षांत त्यांना कोणी ढकलत राहिलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे.

सासू-सासरे, दीर, माहेरचे, यांतले सगळेच ख्रिस्ती नसतात. पोळ्याला बैल सजवायला, दिवाळीचा फराळ करू लागायला, मयतीला खांदा द्यायला जाऊ नका, असं सांगणारे नवे पुढारी मला मान्य नाहीत. पूजेत बसायचं नाही ते नम्रपणे सांगता येतं. पिठलं-भाकर घेऊन सुतकाच्या घरी मात्र सगळ्यांत आधी पोचा.

आणि काळजीची वेळ ठरवून घ्या. आमच्यात करार आहे. मेळघाटात आत गेलं की फोन लागत नाही, म्हणून ठरल्या संध्याकाळी हे आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीपर्यंत मी काळजी करायची नाही. पूल बुडाला असेल, गाडी रद्द झाली असेल, कोणी आग्रहानं ठेवून घेतलं असेल. दुपारची गाडीही रिकामी आली तर मात्र फोन करायचे, कोणाला करायचे त्या नावांची यादी फळीवर डब्याखाली आहे. त्या मधल्या रात्री झोप येते असं नाही. पण तेव्हा मी मेथी निवडते, शेंगा फोडते, एकशे एकविसावं स्तोत्र म्हणते, आणि फोनला हात लावत नाही.

पिशवी, गाडी, नाला

प्रभूनं शिष्यांना पहिल्यांदा पाठवलं तेव्हा पिशवी नको, वहाणा नकोत म्हणाला. पुढं त्यानंच सांगितलं की आता ज्याच्याकडे थैली आहे त्यानं ती घ्यावी (लूक २२:३५-३६). दोन्ही त्याचेच शब्द. ओळखीच्या, बोलावलेल्या घरी जाताना पहिलं लागू पडतं, रानवाटेला दुसरं.

यांची पिशवी मी भरते. ओआरएसच्या पुड्या, तापाच्या गोळ्या, टॉर्च आणि वेगळे सेल, मच्छरदाणी, दुपट्टा, जास्तीचा एक सदरा, आधारची झेरॉक्स, वहीच्या कागदावर फोन नंबर (मोबाईल बंद पडला की नंबर कोणाला पाठ असतात?). जेवणात दशमी आणि जवसाची चटणी. दशमी दुधात भिजवलेली असते म्हणून दोन दिवस नरम राहते. चटणी प्लास्टिकच्या डबीत भरली की तेल सुटून शास्त्राच्या पानांना लागतं, म्हणून स्टीलची, फिरकीच्या झाकणाची डबी घ्या आणि ती पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात उभी ठेवा. आमच्या नव्या करारात मार्कच्या शुभवर्तमानाला अजून जवसाचा वास आहे.

डबा वाटेपुरता. गावात पोचल्यावर त्यांचं खायचं. कोरकू आदिवासींच्या घरात कुटकीचा भात वाढला तर ताट स्वच्छ करून उठायचं. मोहाची दारू पुढं केली तर हात जोडून नाही म्हणायचं, तोंड वाकडं करायचं नाही. होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण, त्या दिवसांत सभा ठेवू नका. ते फगव्यात रंगलेले असतात आणि तुम्ही मधे जाऊन त्यांना अवघडून टाकता. नाच बघायला जायचं असेल तर जा.

बोलावल्याशिवाय कोणाच्या दारात शास्त्र उघडायचं नाही. गावात शिरल्यावर पोलीस पाटील किंवा सरपंचाला भेटून कोणाकडे आलो ते सांगायचं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची तर त्याच्या घरच्यांना विचारून, आणि त्याच्या बदल्यात काही देऊ नका, काही घेऊ नका. औषध, कपडे, शाळेची मदत द्यायचीच असेल तर ती ज्याला हवी त्याला द्या, तो प्रार्थनेला बसला काय आणि नाही काय. माझी पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळातलं अनाथ लेकरू, मिशनच्या वसतिगृहात वाढलेली. तिला आधी पेज मिळाली, शास्त्र पुष्कळ नंतर. आमच्या घरात हा क्रम अजून मोडलेला नाही. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा मिशनचा जुना दवाखाना आहे. नव्या पोरांना मी मेळघाटात वर जायच्या आधी तिथं एक दिवस घालवून जा म्हणते. जखम धुताना कोणी भाषण करत नाही.

एकट्यानं जाऊ नका. प्रभूनं दोघादोघांना पाठवलं. दुसरा माणूस तोंडावर खरं बोलणारा असावा, मान डोलावणारा नको.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं. यात चर्चा नाही. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले, शाळा काढली, इथले दगड आणि गोंडांच्या चालीरीती अभ्यासल्या. नागपुरातलं कॉलेज त्यांच्याच नावाचं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून घोड्यावर परतताना पावसानं फुगलेल्या नाल्यात ते बुडाले. त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा कमी होता, असं म्हणायला कोणाची जीभ रेटेल? भरवसा असणारी माणसंही वाहून जातात. पौलाचं गलबत तीनदा फुटलं, नद्यांवरची संकटं त्यानं स्वतः मोजून लिहिली (२ करिंथ ११:२५-२६). मंदिराच्या कळसावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हे सैतानाचं बोलणं होतं, आणि प्रभूनं ते ऐकलं नाही. "सभा ठरली आहे, लोक वाट बघत असतील" हे पुराच्या काठावर उभं राहून मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे. लोक वाट बघतात, मग जेवून झोपतात. तुम्ही उद्या जा. याकोबानं आपल्या पत्रात "प्रभूची इच्छा असेल तर" म्हणायला शिकवलं आहे (४:१५). ते पत्रिकेच्या तळाशी छापायला सगळ्यांना जमतं, नाल्याच्या काठावर म्हणायला जमलं पाहिजे.

रात्रीची मोटारसायकल मेळघाटच्या रस्त्यानं नको. वाघाचं नाव सगळे घेतात, पण वळणावर मधेच उभे राहिलेले रानगवे आणि डुकरंच गाडी पाडतात.

परत आल्यावर

पहिल्या संध्याकाळी मंडळीत अहवाल द्यायला जायचं नाही, कोणी बोलावलं तरी. अंघोळ, जेवण, लेकरांचं ऐकणं, एवढंच. कपडे उन्हात टाका, पिशवी झटका, गोचिडी येतात. ताप, अंगदुखी वाटली तर पुढचे काही दिवस दुर्लक्ष करू नका, रक्त तपासून घ्या आणि कुठं जाऊन आलात ते डॉक्टरला सांगा, म्हणजे तो मलेरिया बघेल.

दुसऱ्या दिवशी हिशेब. तिकिटं टाचणीला लावून, उरलेले पैसे सुट्ट्यासकट खजिनदाराला द्यायचे आणि वहीवर त्याची सही घ्यायची. मग तिथं कोणाला काय कबूल केलं ते लिहून काढायचं. कोणाला चष्म्याचा नंबर काढून द्यायचा, कोणाच्या पोरीला आश्रमशाळेचा अर्ज हवा, कोणाला मोठ्या अक्षरांचं शास्त्र. ही यादी कॅलेंडरवर देवाच्या मागण्यांत लिहू नका. ती तुमची कामं आहेत, वेगळ्या कागदावर लिहा आणि पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत निदान अर्ज तरी टपालात टाका.